सही लेखकाची, किंमत कुणाची?

एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत एका जुन्या धनादेशाचा लिलाव झाला. धनादेश ४१२ डॉलरचा होता, त्यावरील तारीख १ मार्च १९३८ ही होती आणि तो केव्हाच वटलेला होता. बँकेच्या हिशेबी तो रद्दीचा कागद. लिलावात मात्र त्याला १ लाख ६० हजार डॉलर मिळाले. त्याच्या पाठीवर जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांच्या सह्या होत्या. ४१२ डॉलरपैकी १३० डॉलर हा ‘सुपरमॅन’ या पात्रावरील सर्व हक्कांचा मोबदला होता. उरलेली रक्कम त्यांनी केलेल्या इतर कामाची होती. धनादेश लिहिणाऱ्याने दोघांच्याही नावांची स्पेलिंगे चुकवली होती. ज्या पात्रावर पुढे चित्रपट, खेळणी आणि मालिकांचा प्रचंड व्यवसाय उभा राहिला, त्याच्या जनकांची नावे खरेदीच्या कागदावरही धड उतरली नव्हती. आणि त्यांच्या सह्यांना जेव्हा भाव आला, तेव्हा त्या भावातील एक सेंटही घेण्यास दोघांपैकी कोणी हयात नव्हते. शुस्टर १९९२ मध्ये आणि सीगल १९९६ मध्ये निवर्तले होते.

कॉमिक पुस्तकांवर त्यांच्या लेखकांच्या सह्या घेऊन ती जतन करण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, त्याचा विचार या धनादेशापासून सुरू करणे योग्य ठरेल. अमेरिकेत १९६० च्या दशकात वाचक आणि संग्राहक यांचे मेळावे भरू लागले. सॅन डिएगो येथील प्रसिद्ध मेळावा १९७० मध्ये सुरू झाला. भारतातही २०११ मध्ये दिल्लीत ‘कॉमिक कॉन’ भरले आणि नंतर इतर शहरांत त्याचा प्रसार झाला. या मेळाव्यांत लेखक एका मेजाशी बसतो, वाचक आपला आवडता अंक घेऊन रांगेत उभा राहतो आणि सही घेऊन परततो. एवढ्यापुरता हा व्यवहार निरागस आहे. प्रौढ माणसांनी पोरांच्या पुस्तकांवर सह्या घेत हिंडावे, याचे पुष्कळांना हसू येते. परंतु हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्रम कोणाचे, नाव कोणाचे आणि नफा कोणाचा, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न या रंगीत पुस्तकांच्या मुखपृष्ठावर शाईने लिहिलेला आढळतो.

रद्दीला आलेले मोल

सुपरमॅन ज्या अंकातून प्रथम अवतरला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८ या तारखेचा. किंमत १० सेंट. त्याच्या सुमारे २ लाख प्रती छापल्या गेल्या आणि आज त्यांपैकी शंभरच्या आसपास शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांतील एक उत्तम अवस्थेतील प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली. ही दुर्मिळता कोणी ठरवून निर्माण केलेली नव्हती. कॉमिक हे वाचून टाकून देण्यासाठीच असते, अशी त्या काळची समजूत होती. मुलांनी अंक वाचले, फाडले, अदलाबदल केले. आयांनी ते कचऱ्यात टाकले. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यासाठी गेले. कोणी जपले नाही म्हणून जे थोडे उरले त्याला मोल आले.

१९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची जुन्या कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. भाव छापील झाले की वस्तू जपण्याची बुद्धी होते. पुढील दोन दशकांत प्रत्येक नवा अंक दोन-दोन, चार-चार प्रती घेऊन कपाटात ठेवण्याची प्रथा पडली. प्रकाशकांनीही ही नाडी अचूक ओळखली. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’ या मालिकेचा नवा पहिला अंक निरनिराळ्या मुखपृष्ठांनिशी काढण्यात आला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्या वाचणाऱ्यांपेक्षा साठवणारेच अधिक होते. परंतु जी वस्तू लाखो लोकांनी जिवापाड जपली ती दुर्मिळ होणार कशी? सट्टा ओसरला, अनेक दुकानांना टाळी लागली आणि इतर कारणांची भर पडून डिसेंबर १९९६ मध्ये ‘मार्व्हल’ या बड्या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला.

लेखकाच्या सहीला व्यापारी महत्त्व का आले, याचे उत्तर या इतिहासात आहे. छापखाना एका अंकाच्या ८० लाख प्रती काढू शकतो. सही मात्र हातानेच, एका वेळी एकाच प्रतीवर करावी लागते. जी दुर्मिळता छपाईने नाहीशी केली ती लेखकाच्या मनगटाने परत आणून दिली. लेखकाच्या मृत्यूनंतर तर हा पुरवठा कायमचाच थांबतो. म्हणून वृद्ध लेखकाच्या मेजापुढील रांगेत प्रेमाबरोबर थोडा हिशेबही उभा असतो, हे कटू वाटले तरी नाकारता येत नाही.

बंद पेटीतील सही

हिशेब आला की खऱ्याखोट्याचा प्रश्न येतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. याच विचाराबद्दल त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसह मिळाले. विकणाऱ्याला मालाची जी माहिती असते ती घेणाऱ्याला नसेल, तर खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो, असा त्याचा आशय. सह्यांच्या बाजाराला तो तंतोतंत लागू पडतो. सही खरी की नकली हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा खऱ्या सहीलाही पुरता भाव देत नाही.

यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे प्रमाणपत्र. २००० मध्ये अमेरिकेत ‘सर्टिफाइड गॅरंटी कंपनी’ स्थापन झाली. अंकाची अवस्था तपासून त्याला १० पैकी गुण द्यायचे आणि तो पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून द्यायचा, हे तिचे काम. सही केलेल्या अंकांसाठी तिने पिवळ्या पट्टीची वेगळी श्रेणी काढली. तिचा मूळ नियम असा की, कंपनीच्या साक्षीदारासमक्ष झालेली सहीच सही मानायची. वाचकाने एकट्याने, एखाद्या पुस्तकाच्या दुकानात, लेखकाशी दोन शब्द बोलून घेतलेली सही या नियमात बसत नाही; ती मुखपृष्ठावर कोणीतरी शाईने केलेली खूण, म्हणजे अंकाचा एक दोषच ठरू शकते. पुढे जुन्या सह्या अक्षरतज्ज्ञांकडून पडताळून घेण्याची सोयही या व्यवसायात निघाली. तथापि साक्षीदारासमोरील सहीचा मान वरचाच राहिला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवस्थेत गैर काही नाही. तिच्यामुळे फसवणुकीला आळा बसतो आणि दूरदेशीचा ग्राहक निर्धास्तपणे पैसे पाठवू शकतो. परंतु तिची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पेटीत बंद झालेला अंक उघडता येत नाही. उघडला तर त्याचे गुण आणि पट्टी दोन्ही जातात. लेखकाने ज्या पानांवर आपले शब्द लिहिले ती पाने कोणी वाचू नयेत, या अटीवर त्याच्या सहीला सर्वाधिक भाव मिळतो. पुस्तक वाचनातून निवृत्त होऊन गुंतवणुकीच्या रोख्यात जमा होते. घरातील तांब्याभांडे वापरात असते तोवर ते भांडे. तिजोरीत ठेवले की तो केवळ धातू. कॉमिकच्या बाबतीतही हेच घडते.

लेखकाजवळ विकण्यासारखे काय?

चित्रकथा ही बहुधा दोघांची निर्मिती असते. एक लिहितो, दुसरा रेखाटतो. या दोघांच्या आर्थिक स्थितीत एक महत्त्वाचा भेद आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. चित्रकाराजवळ मूळ चित्राचे पान असते. पूर्वी प्रकाशक ती पाने आपल्याकडेच ठेवीत; परंतु १९७० च्या दशकापासून ती परत करण्याची रीत हळूहळू रूढ झाली आणि चित्रकारांना ती विकून काही प्राप्ती होऊ लागली. मेळाव्यात बसून तो नवे चित्रही काढून देऊ शकतो. लेखकाजवळ असे काही नसते. त्याचे टंकलिखित अंक तयार होईपर्यंत कामाचे, नंतर ते टोपलीत. त्याचे शब्द चित्रातील फुग्यांत, तेही अक्षरकाराच्या हस्ताक्षरात, छापले जातात. लेखकाच्या हातची म्हणावी अशी एकच गोष्ट उरते आणि ती म्हणजे त्याची सही.

म्हणून काही लेखक सहीसाठी शुल्क आकारतात, यावर नाक मुरडणे अन्यायाचे आहे. ‘मार्व्हल’चे लेखक-संपादक स्टॅन ली यांच्या उतारवयात त्यांच्या सहीसाठी शुल्क भरून मोठ्या रांगा लागत, त्यांचे निधन २०१८ मध्ये झाले. अनेक लेखक मात्र एक सूक्ष्म भेद पाळतात. सामान्य वाचकाला ते विनामूल्य किंवा अल्प शुल्कात सही देतात आणि पेटीत बंद करून विकण्यासाठी आणलेल्या अंकाला जास्त शुल्क लावतात. अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात. रेल्वेच्या दोन वर्गांप्रमाणे येथेही ग्राहकाची गरज पाहून दर ठरतो. दुसरी युक्ती याहून साधी आहे: सही करताना वर वाचकाचे नाव घालायचे. ‘अमक्यास सप्रेम’ असे लिहिले की त्या प्रतीला बाजारात गिऱ्हाईक कमी होते, कारण विकत घेणाऱ्याला दुसऱ्याचे नाव नको असते. बाजारभाव उतरतो आणि तरीही ज्याच्या नावाने ती प्रत आहे त्याच्या लेखी तिचे मोल वाढते. सही ही भेट आहे की माल, याची यापेक्षा सोपी कसोटी सापडणार नाही.

दोन सह्या

या छंदाच्या मुळाशी एक विसंगती आहे. कॉमिकच्या लेखकाने आयुष्यात दोन प्रकारच्या सह्या केल्या. एक धनादेशाच्या पाठीवर, दुसरी अंकाच्या मुखपृष्ठावर. अमेरिकेत दीर्घकाळ अशी पद्धत होती की, मोबदल्याच्या धनादेशाच्या पाठीवरच सर्व हक्क प्रकाशकाला दिल्याचा मजकूर छापलेला असे. पैसे हवे असतील तर त्याखाली सही करणे भाग होते. घरभाडे थकलेल्या माणसाला त्या मजकुराशी वाद घालणे परवडत नाही. पहिल्या सहीने लेखकाने सर्व काही दिले आणि दुसऱ्या सहीने इतरांच्या मालमत्तेचे मोल वाढवले.

सीगल आणि शुस्टर यांनी १९४७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढील वर्षी तडजोड झाली; काही रक्कम मिळाली, पण काम गेले आणि सुपरमॅनच्या कथांवरील त्यांची नावेही गेली. १९७५ मध्ये, सुपरमॅनवर खर्चिक चित्रपट काढण्याची तयारी चालू असताना, सीगल लॉस एंजेलिसमध्ये टंकलेखक-कारकुनाची नोकरी करीत होते आणि शुस्टर यांची दृष्टी अधू झाली होती. सीगल यांनी वृत्तपत्रांना आपली कैफियत कळवली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी ती उचलून धरली. लोकमताच्या दडपणाखाली कंपनीने डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर निवृत्तिवेतन देण्याचे आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. हे कायद्याने मिळालेले नव्हते, लाजेने मिळालेले होते.

बिल फिंगर यांच्या वाट्याला एवढेही आले नाही. ‘बॅटमॅन’ मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ मध्ये प्रथम आला. त्या कथेचे लेखन फिंगर यांचे. पात्राचे रूप, त्याचा झगा, त्याच्या कथेचा काळोखा सूर यांत त्यांचा मोठा वाटा. छापून आले ते केवळ चित्रकार बॉब केन यांचे नाव, कारण करार केन यांनी केला होता. फिंगर १९७४ मध्ये वारले. त्यांचे नाव बॅटमॅनच्या जनकांत अधिकृतपणे घालण्याचे कंपनीने मान्य केले ते २०१५ मध्ये, तेही मार्क टायलर नोबलमन या लेखकाने केलेल्या संशोधनानंतर आणि फिंगर यांच्या नातीने लावून धरल्यानंतर. मृत्यूनंतर ४१ वर्षे! ज्याचे नाव पुस्तकावर नाही त्याची सही मागायला कोण जाणार? सह्यांच्या बाजारात फिंगर यांचे स्थान रिकामे आहे आणि ती रिकामी जागा इतर सगळ्या सह्यांपेक्षा अधिक बोलकी आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण ब्रिटिश लेखक ॲलन मूर यांचे. त्यांनी डेव्ह गिबन्स या चित्रकारासह निर्माण केलेली ‘वॉचमेन’ ही मालिका १९८६-८७ मध्ये निघाली. पुस्तक छापणे बंद झाल्यावर हक्क निर्मात्यांकडे परत जावेत, असे करारात होते. त्या काळी कॉमिकचे अंक काही महिन्यांत नाहीसे होत, त्यामुळे अट उदार वाटली. परंतु प्रकाशकाने मालिका पुस्तकरूपाने काढली, ती सतत छापत ठेवली आणि हक्क परत जाण्याची वेळ येऊ दिली नाही. कराराची अक्षरे पाळली गेली आणि लेखक कायमचा दुरावला. २००९ मध्ये तिच्यावर चित्रपट आला तेव्हा त्यावर आपले नाव नको, असा मूर यांचा आग्रह होता. श्रेयनामावलीत केवळ गिबन्स यांचे नाव राहिले. एकाला नाव हवे होते, ते मिळाले नाही. दुसऱ्याला मिळत होते, त्याने नाकारले. दोन्ही प्रसंगांत दुखणे कराराचेच होते.

नाव कोणाचे, हा प्रश्न नेहमी इतका सरळ नसतो, हेही सांगितले पाहिजे. स्टॅन ली यांच्या पद्धतीत लेखक कथेची रूपरेषा देई, चित्रकार तिचे प्रसंग रचून रेखाटी आणि संवाद मागाहून भरले जात. मग ‘लेखक’ कोण? जॅक कर्बी हे चित्रकार अनेक पात्रांच्या निर्मितीत आपला बरोबरीचा वाटा सांगत राहिले. ते १९९४ मध्ये वारले. त्यांच्या वारसांचा कंपनीशी चाललेला वाद २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. मुखपृष्ठावर एकाच व्यक्तीची सही झळकते तेव्हा ती नकळत असल्या वादात साक्षही देत असते.

संग्राहकांची बाजू

संग्राहकांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. ते म्हणतात, अंक आम्ही पैसे मोजून घेतला; तो विकण्याचा हक्क आमचा. दहा अंक घेतले तर एखाद्याचा भाव वाढतो, नऊंचे पैसे बुडतात; तोटा लेखक वाटून घेत नाही, मग नफा का मागावा? शिवाय जुन्या निर्मात्यांची नावे कोणी जिवंत ठेवली असतील तर ती याच वेड्या संग्राहकांनी. प्रकाशकांनी नावे छापली नाहीत तेव्हा शैली ओळखून, याद्या करून, पत्रे लिहून कोणती कथा कोणाची हे त्यांनीच शोधून काढले. यातील तिसरा मुद्दा तर पूर्ण खरा आहे. बिल फिंगर यांना न्याय मिळाला तो अशाच चिकाटीमुळे.

पहिले दोन मुद्देही मान्य करता येतील. पण त्यांनी प्रश्न संपत नाही. चित्रकला आणि शिल्पकला यांच्याबाबत फ्रान्सने १९२० मध्येच कायदा करून कलाकृतीच्या पुनर्विक्रीत कलावंताला वाटा दिला. छापील पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीला असा नियम लावणे व्यवहार्य नाही, कारण लाखो प्रतींच्या खरेदी-विक्रीचा हिशेब कोण ठेवणार? म्हणून संग्राहकाच्या नफ्यात वाटा मागणे हा खरा उपाय नव्हे. उपाय आहे तो आधीच्या टप्प्यावर, म्हणजे मूळ करारात. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील दोन्ही मोठ्या कंपन्यांनी ठरावीक खपाच्या पुढे रॉयल्टी देण्यास सुरुवात केली. १९९२ मध्ये काही नामवंत चित्रकारांनी ‘मार्व्हल’ सोडून ‘इमेज’ ही संस्था काढली आणि निर्मितीची मालकी निर्मात्याकडेच राहील, हे तत्त्व स्वीकारले. तिच्याच छत्राखाली २००३ मध्ये निघालेली ‘द वॉकिंग डेड’ पुढे दूरचित्रवाणीवर गाजली तेव्हा लेखक रॉबर्ट कर्कमन त्या यशाचा वाटेकरी होता, याचक नव्हता. अशा लेखकाने वाचकाला सही दिली, फुकट दिली, तर ती त्याची उदारता असते. ज्याने सर्व काही गमावले त्याच्याकडून फुकट सहीची अपेक्षा करणे ही निराळीच गोष्ट आहे.

आपल्या घरची चित्रकथा

हा सारा प्रकार सातासमुद्रापलीकडचा, असे म्हणून सुटता येणार नाही. १९६४ पासून १९९० पर्यंत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ली फॉक यांचा वेताळ आणि मँड्रेक इंग्रजीबरोबर मराठी घरांतही आणले. १९७६ मध्ये त्यात ‘बहादूर’ हा भारतीय नायक आला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. १९६७ मध्ये मुंबईतून अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली आणि १९८० मध्ये ‘टिंकल’. मराठी मध्यमवर्गातील दोन पिढ्यांना पुराण आणि इतिहास यांची पहिली ओळख या अंकांनी करून दिली. रद्दीच्या दुकानांत आणि पदपथावरील पुस्तकांच्या ढिगांत त्यांचे जुने अंक शोधणारे आजही दिसतात.

या वाचकांना अनंत पै यांचे नाव ठाऊक असते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांची नावेही काहींना आठवतील. परंतु कमला चंद्रकांत, सुब्बा राव अशा ज्यांनी वर्षानुवर्षे कथा लिहिल्या आणि तपासल्या त्यांची नावे किती जण सांगू शकतील? पात्र स्मरणात राहते, चित्र स्मरणात राहते. लिहिणारा विसरला जातो. हे जगभरचे गाऱ्हाणे मराठी वाचकांच्या घरांतही आहेच.

सुदैवाने भारतीय कायदा याबाबतीत काहीसा सावध आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ अन्वये, हक्क विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा लेखकाचा अधिकार कायम राहतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी असले पाहिजे, त्यात रॉयल्टीचा उल्लेख असला पाहिजे आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, असे कलम १९ सांगते. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५३-अ नुसार, मूळ चित्र किंवा साहित्यकृतीचे मूळ हस्तलिखित १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो. तो १० टक्क्यांहून अधिक नसतो. चित्रकथेचे रेखाटलेले पान आणि तिच्या लेखकाचे मूळ हस्तलिखित ही दोन्ही या तरतुदीत बसू शकतात. सही केलेली छापील प्रत बसत नाही. आणि एक मोठी अट आहे: निर्माता हा त्या कृतीच्या हक्कांचा पहिला मालक असला पाहिजे. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, मालकच ठरतो. पगारी लेखकासाठी हे दार बंदच राहते.

कायदा असला तरी तो वापरणारा हवा. मासिकांना कथा देणारे, पाठ्यपुस्तकांना धडे लिहून देणारे, नभोवाणी आणि मालिकांसाठी लेखन करणारे शिक्षक आणि विद्यार्थी महाराष्ट्रात थोडे नाहीत. मानधनाच्या पावतीबरोबर पुढे येणारा छापील कागद न वाचताच त्याखाली सही करण्याची सवय त्यांच्यापैकी अनेकांना आहे. छापून येतेय यातच समाधान मानणाऱ्या नवख्या लेखकाला मुदत, प्रदेश आणि रॉयल्टी यांविषयी विचारणे उद्धटपणाचे वाटते. सीगल आणि शुस्टर यांनाही १९३८ मध्ये तसेच वाटले असावे. तेव्हा दोघेही अवघ्या तेविशीचे होते.

यातून करण्याजोग्या गोष्टी अगदी साध्या आहेत. प्रकाशकांनी चित्रकथेच्या मुखपृष्ठावर लेखक आणि चित्रकार या दोघांची नावे ठळकपणे छापावीत आणि जुने अंक नव्याने काढताना मूळ लेखकांची नावे शोधून घालावीत. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी चित्रकथांची नोंद करताना केवळ मालिकेचे नाव न लिहिता लेखकाचेही लिहावे. संग्राहकांनी सही जरूर घ्यावी, तिच्यासाठी लेखक मागेल ते शुल्कही विनातक्रार द्यावे. शक्य असेल तर तीत आपले नाव घालून घ्यावे आणि अंक पेटीत बंद करण्यापूर्वी एकदा तरी मुलांच्या हाती वाचायला द्यावा. आणि जो लिहितो त्याने सही करण्यापूर्वी कागदाची दुसरी बाजू वाचावी. मुखपृष्ठावरील सहीला पुढे लाखांचा भाव येईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पाठीवरील सहीने काय जाते, हे मात्र आधीच लिहिलेले असते.